झटक्याआधीची गोळी

काळी नदीच्या खोऱ्यातील दाट रानात, उळवीच्या परिसरात वसलेल्या गुंद या गावी सुपारीच्या बागा, भाताची खाचरे, एकमेकांपासून हाकेच्या पल्ल्याबाहेर उभी असलेली घरे आणि पावसाळ्याचे चार महिने कोसळणाऱ्या सरी, एवढ्या सामग्रीवर जीवन चालते. सुप्याचे जुने तालुक्याचे ठाणे धरणाच्या पाण्याखाली गेले तेव्हा कचेरी आणि दप्तर जोयड्यास आले. परंतु मेंदूचे छायाचित्र घेणारे यंत्र आणि ते वाचू जाणणारा मेंदूविकारतज्ज्ञ ही जोडी पाहिजे असेल, तर या तालुक्यातील माणसाला आजही बहुधा घाट उतरून कारवारास वा गोव्यास, नाही तर दांडेली-हल्याळ मागे टाकून धारवाड, हुबळी किंवा बेळगाव गाठावे लागते. अशा मुलुखात एखाद्या वयस्क गृहस्थाच्या अंगावरून वारे गेले, म्हणजे एका बाजूचे हात-पाय लुळे पडले, तोंड वाकडे झाले, जीभ जड होऊन बोलणे कळेनासे झाले, की घरातील माणसे भानावर आल्यानंतर जो प्रश्न विचारतात तो असा असतो: रक्त पातळ होण्याची गोळी तर रोज चालू होती, एक दिवस चुकविली नव्हती, मग हे झाले कसे, आणि झालेच, तर इतकी वर्षे घेतलेल्या त्या गोळीचा उपयोग काय?

प्रश्न रास्त आहे. त्यात तक्रारीचा सूर आहे तसाच एक निष्कर्षही दडलेला आहे, आणि तो असा की ज्या औषधाने रोग टळला नाही ते औषध वाया गेले. हा निष्कर्ष वस्तुतः चुकीचा आहे असे माझे मत आहे, आणि ते मांडण्यासाठीच हा लेखनप्रपंच आहे. मात्र त्या मताच्या मर्यादाही मांडल्या पाहिजेत; कारण औषधाची भलामण करताना त्याचे दोष झाकणे हे जाहिरातदाराचे काम होय.

मेंदूचा झटका मुख्यतः दोन जातींचा असतो. एकात मेंदूस रक्त पोचविणारी धमनी गुठळीने बुजते आणि तिच्या पुढचा भाग उपाशी पडतो. दुसऱ्यात धमनी फुटून रक्त मेंदूत सांडते. मुंबईत डॉ. पी. एम. दलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ व २००६ या दोन वर्षांत शहराच्या एका भागातील दीड लाखाहून अधिक वस्तीत पहिल्यानेच आलेल्या झटक्यांची नोंद ठेवली होती. त्या नोंदीतील ४५६ रुग्णांपैकी ३६६ जणांचा झटका गुठळीचा आणि ८१ जणांचा रक्तस्रावाचा निघाला. उरलेल्या नऊ जणांचा प्रकार ठरविता आला नाही. म्हणजे स्थूलमानाने पाचांत चार झटके गुठळीचे. पुढील विवेचन प्रामुख्याने या चारांविषयी आहे, परंतु पाचव्याचे विस्मरण झाल्यास घात होतो, म्हणून त्याचाही परामर्श यथावकाश घ्यावाच लागेल.

गुठळी धरण्याच्या कामी रक्तातील प्लेटलेट पुढाकार घेतात. डेंग्यूच्या साथींनी हा शब्द आता खेड्यापाड्यांत पोचविला आहे. शास्त्रीय ग्रंथांत त्यांना बिंबाणू म्हणतात. एका घन मिलिमीटर रक्तात त्यांची संख्या साधारणतः दीड ते साडेचार लाख असते, आणि कोयत्याने बोट कापले असता वाहते रक्त दोन-चार मिनिटांत थांबते ते त्यांच्याच कर्तबगारीमुळे. दुर्दैव असे की, वयोमानाने, तंबाखूने, मधुमेहाने किंवा वाढलेल्या रक्तदाबाने धमनीच्या आतील अस्तरावर जो मेदाचा थर साचलेला असतो, तो एखादे दिवशी उकलला म्हणजे या पेशींस ती बोटाची जखमच भासते. त्या तेथे जमतात, परस्परांस रासायनिक संदेश धाडून आणखी सोबती बोलावतात, आणि रक्षणासाठी योजलेली ही यंत्रणा धमनीचे तोंड बुजवून टाकते.

ॲस्पिरिनची छोटी गोळी, जी आपल्याकडे पंचाहत्तर किंवा दीडशे मिलिग्रॅमच्या मात्रेत बहुधा इकोस्प्रिन या नावाने घरोघरी पोचली आहे, ती या संदेशवहनात अडथळा आणते. थ्रॉम्बॉक्सेन नावाचे द्रव्य हा त्या संदेशांपैकी एक प्रमुख संदेश. ते ज्या विकराच्या साहाय्याने तयार होते तो विकर ॲस्पिरिन कायमचा निकामी करते. प्लेटलेटला केंद्रक नसल्यामुळे तिला तो विकर पुन्हा घडविता येत नाही, आणि म्हणून एका गोळीचा परिणाम त्या पेशीच्या सात ते दहा दिवसांच्या आयुष्यभर टिकतो. रोज नव्या प्लेटलेट रक्तात येतात, म्हणून गोळी रोज घ्यावी लागते. क्लोपिडोग्रेल हे दुसरे औषध निराळ्या संदेशाचे दार बंद करते. यांपैकी कोणत्याही औषधाने रक्त पाण्यासारखे पातळ होत नाही. प्लेटलेटची एकमेकींस चिकटण्याची ओढ तेवढी कमी होते. वॉर्फरिनसारखी जी औषधे रक्त गोठण्याच्या निराळ्याच साखळीवर काम करतात, त्यांची गणना येथे करावयाची नाही. घरातील माणसे दोन्हींस रक्त पातळ करणारी गोळी म्हणतात आणि त्या गोंधळाची किंमत रुग्णालयाच्या दारात मोजावी लागते.

या गोळीचा पूर्वेतिहास मनोरंजक आहे. जर्मनीतील बायर कंपनीत १८९७ साली ती आजच्या शुद्ध रूपात सिद्ध झाली तेव्हा तिच्याकडून ताप आणि वेदना यांवरील उताऱ्याचीच अपेक्षा होती. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स क्रेव्हन नावाच्या एका सामान्य वैद्याला असे आढळले की, टॉन्सिल काढल्यानंतर ॲस्पिरिनयुक्त चघळगोंद खाणाऱ्या रुग्णांच्या जखमा अधिक वाहतात. त्यावरून त्याने तर्क केला की, जे औषध जखम वाहती ठेवते ते हृदयाची आणि मेंदूची धमनीही वाहती ठेवील. १९५० पासून त्याने आपली निरीक्षणे किरकोळ नियतकालिकांतून प्रसिद्ध केली, पण तुलनेसाठी औषध न घेणारा गट त्याच्याजवळ नव्हता आणि विद्वानांनी त्याची फारशी दखल घेतली नाही. १९५७ साली हृदयविकारानेच त्याला मृत्यू आला. गुंदच्या त्या घरातील प्रश्न विचारणाऱ्यास ही हकीकत सांगितली तर तो आपल्या निष्कर्षाला पुरावाच मिळाला असे म्हणेल. १९७१ मध्ये जॉन व्हेन यांनी ॲस्पिरिनच्या कार्याचे मर्म उलगडले व त्याबद्दल ते १९८२ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. दरम्यान १९७८ साली कॅनडातील शास्त्रज्ञांनी ५८५ रुग्णांवरील चाचणीतून झटक्याची पूर्वसूचना मिळालेल्या पुरुषांत हे औषध उपयोगी पडते असे दाखवून दिले होते. त्या चाचणीत स्त्रियांत फायदा आढळला नव्हता, तो पुढच्या मोठ्या अभ्यासांनी सिद्ध केला.

ज्यांना एकदा गुठळीचा झटका किंवा हृदयविकार येऊन गेला आहे अशांमध्ये ही औषधे पुढील गंभीर आपत्तींपैकी सुमारे चतुर्थांश टाळतात, हा शेकडो चाचण्यांच्या एकत्रित हिशेबाचा निष्कर्ष आहे. चतुर्थांश टाळतात याचा अर्थ तीन चतुर्थांश टळत नाहीत. आणि ज्यांची आपत्ती टळलेली नसते त्यांच्याच घरी हा प्रश्न उमटतो. ज्याचा झटका टळला त्याला तो टळल्याचे कधी कळतही नाही, त्यामुळे औषधाच्या बाजूचा साक्षीदार पुढे येण्याचा संभवच नसतो.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. झटका आलाच, तर आधीपासून गोळी घेणाऱ्याचा झटका सौम्य असतो काय, आणि तो अधिक बरा होतो काय? झटक्याची तीव्रता मोजण्याचे एक परिमाण जगभर वापरले जाते. शुद्ध किती आहे, नजर कोणीकडे वळते, हात-पाय किती उचलता येतात, बोलणे समजते काय, अशा तपासण्यांना गुण देऊन त्यांची बेरीज शून्य ते बेचाळीस या मर्यादेत केली जाते. बेरीज जितकी मोठी तितका झटका भारी. बरे होण्याचे माप निराळे. ग्लासगोचे डॉ. जॉन रँकिन यांनी १९५७ मध्ये सुचविलेल्या आणि पुढे सुधारून घेतलेल्या श्रेणीत शून्य म्हणजे कोणतेही लक्षण न उरणे, तीन म्हणजे मदत लागते पण आपल्या पायांनी चालता येते, पाच म्हणजे अंथरुणास खिळणे आणि सहा म्हणजे मृत्यू.

पहिल्या मापाने पाहता २००१ साली अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीच्या कागदपत्रांची फेरतपासणी झाली तेव्हा असे दिसले की, झटक्याआधीच्या आठवड्यात ॲस्पिरिन घेतलेल्या रुग्णांचे झटके इतरांच्या मानाने सौम्य होते. पुढे २०१६ मध्ये अमेरिकेतील रुग्णालयांच्या सामायिक नोंदवहीतील पाच लाखांवर रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही आधीपासून गोठणविरोधी औषधे, बहुतांशी प्लेटलेटवरचीच, घेणाऱ्यांत रुग्णालयातील मृत्यूचे प्रमाण कमी आणि घरी परतताना हिंडण्याफिरण्याची क्षमता अधिक आढळली. सगळ्याच अभ्यासांचा कौल असा एकमुखी नाही. काहींत फरक आढळला नाही, काहींत तो केवळ मोठ्या धमन्यांतील मेदथरामुळे येणाऱ्या झटक्यांपुरता आढळला.

अशा नोंदवह्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही, आणि त्याचे कारण सामान्य वाचकानेही समजून घेण्यासारखे आहे. गोळी कोण घेतो? जो वयाने मोठा आहे, ज्याला मधुमेह आहे, ज्याचे हृदय आधीच दुखावलेले आहे तो. म्हणजे गोळी घेणाऱ्यांचा गट मुळातच अधिक जर्जर. उलट पक्षी, जो नियमाने गोळी घेतो तो बहुधा रक्तदाबही तपासून घेतो, डॉक्टरांकडे जातो आणि त्याच्या पथ्याकडे लक्ष देणारे कोणीतरी घरी असते. म्हणजे तोच गट दुसऱ्या अर्थी अधिक सुदैवी. या दोन विरुद्ध ओढींमधून औषधाचा खरा वाटा वेगळा काढणे हे मोठे कटकटीचे काम असते. २०१६ मध्येच गुठळी विरघळविण्याचे इंजेक्शन दिलेल्या ८५,०७२ अमेरिकी रुग्णांचा जो अभ्यास निघाला, त्यात हा पेच फार स्पष्ट दिसतो. रुग्णालयातून निघताना स्वतःच्या पायांनी चालू शकणाऱ्यांचे प्रमाण आधीपासून प्लेटलेटची गोळी घेणाऱ्यांत शेकडा ४२.१ होते आणि न घेणाऱ्यांत ४६.६. वरवर पाहणारा येथेच फैसला करून मोकळा होईल की गोळीने नुकसान केले. परंतु वय आणि इतर व्याधी यांची तफावत हिशेबात धरून तुलना केली, तेव्हा पारडे उलटले आणि गोळी घेणारेच किंचित अधिक चांगल्या स्थितीत निघाले. ज्या आकड्याचा अर्थ हिशेब पुरा झाल्यावर उलट होतो, तो आकडा भाषणात किंवा व्हॉट्सॲपच्या निरोपात कसा वापरला जाईल, याची कल्पनाच केलेली बरी.

या संदेहातून सुटण्याचा एकच खात्रीचा मार्ग आहे. कोणाला औषध द्यावयाचे आणि कोणाला नाही हे वैद्याच्या किंवा रुग्णाच्या मर्जीवर न सोपविता नाणेफेकीसारख्या दैवाधीन पद्धतीने ठरवावयाचे, म्हणजे दोन्ही गट सारखे राहतात. ऑक्सफर्डचे पीटर रॉथवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पद्धतीने पूर्वी झालेल्या बारा चाचण्यांतील १५,७७८ रुग्णांची माहिती एकत्र करून २०१६ मध्ये तिची नव्याने छाननी केली. हे रुग्ण असे होते की ज्यांना गुठळीचा झटका किंवा काही मिनिटांत ओसरणारा क्षणिक झटका येऊन गेला होता. पहिल्या सहा आठवड्यांत ॲस्पिरिन न मिळालेल्या ७,३२६ जणांपैकी १७५ जणांना पुन्हा गुठळीचा झटका आला. ॲस्पिरिन मिळालेल्या ८,४५२ जणांपैकी ८४ जणांना. परंतु आपल्या प्रश्नाला भिडणारा आकडा पुढेच आहे. अपंग करणारा किंवा प्राणघातक झटका पहिल्या गटात ११० जणांना आला आणि दुसऱ्यात केवळ ३६ जणांना. म्हणजे झटक्यांची संख्या जेवढी घटली, त्याहून त्यांची भीषणता अधिक घटली. आणि ज्यांना गोळी चालू असताना झटका आला त्यांचाही तो तुलनेने हलका होता. गोळी हरली तिथेही ती थोडेफार लढून हरली, असे याचे तात्पर्य निघते.

हे कसे घडत असावे याचा अंदाज बांधणे अवघड नाही. धमनी बुजली म्हणजे तिच्यावर अवलंबून असलेला मेंदूचा सारा भाग एकाच क्षणी मरत नाही. सुपारीच्या बागेत वरचा पाट फुटला तर पाटाच्या अगदी तोंडाशी असलेली रोपे आधी माना टाकतात आणि शेजारच्या वाफ्यातून झिरपणाऱ्या ओलाव्यावर कडेची रोपे काही काळ तग धरतात. मेंदूतही मेलेल्या गाभ्याभोवती असा एक तग धरून राहिलेला पट्टा असतो आणि शेजारच्या बारीक वाहिन्यांतून पोचणाऱ्या रक्तावर तो काही तास जगतो. उपचाराची सारी धडपड या पट्ट्यासाठी असते, कारण मोठ्या धमनीतील झटक्यात दर मिनिटास सरासरी एकोणीस लाख चेतापेशी नष्ट होतात असा हिशेब जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये मांडला आहे. प्लेटलेटची चिकटण्याची ओढ आधीच कमी असेल तर गुठळी लहान राहावी, ती वाढत जाऊन शेजारवाहिन्यांची तोंडेही बुजविण्याचा संभव घटावा, आणि शरीराच्या स्वतःच्या विरघळविणाऱ्या द्रव्यांना ती लवकर वश व्हावी, हे तर्काला धरून आहे.

येथे एक गोष्ट लपविणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. रॉथवेल यांच्याच छाननीत ॲस्पिरिनचा हा लाभ पहिल्या सहा आठवड्यांत मोठा, सहा ते बारा आठवड्यांत थोडा, आणि बारा आठवड्यांनंतर मेंदूच्या झटक्यापुरता तरी दिसेनासा झालेला आहे. वर्षानुवर्षे गोळी घेणाऱ्याचा झटका सौम्य होतो असे सांगणारा पुरावा मुख्यतः नोंदवह्यांचा आहे, आणि नोंदवह्यांची कैफियत वर आलीच आहे. म्हणून माझा निर्णय असा: धोक्याची पहिली घंटा वाजल्यानंतरच्या दिवसांत ही गोळी झटक्याची धार बोथट करते हे सिद्ध आहे, पुढच्या दीर्घ काळात ती तसे करते हे संभवनीय आहे, निर्विवाद नाही.

या पार्श्वभूमीवर गुंदसारख्या गावाचा विचार केला म्हणजे विषयाला एक निराळेच वजन येते. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते; त्यापूर्वी मेंदूचे सीटी छायाचित्र काढून रक्तस्राव नाही याची खात्री करून घ्यावी लागते. पुण्याची जेनोव्हा कंपनी टेनेक्टेप्लेस हे असे इंजेक्शन देशातच बनविते, तेव्हा औषध परदेशातून यावयाचे आहे अशी अडचण नाही. अडचण वेळेची आणि वाटेची आहे. पहाटे उठताना हात लुळा पडलेला आढळला, तर झटका रात्री केव्हा आला ते कोणास ठाऊक. घड्याळ मात्र तो माणूस शेवटचा धडधाकट दिसला त्या घटकेपासून मोजावयाचे असते. त्यातून पावसाळ्यात रस्त्यावर झाड आडवे पडले किंवा फोनला रेंज मिळाली नाही, म्हणजे ते साडेचार तास घाटातच संपतात. गुंद ज्यात येते त्या उत्तर कन्नड जिल्ह्यात सर्व सोयींनी युक्त असे मोठे रुग्णालय व्हावे ही तेथील जनतेची मागणी जुनी आहे आणि ती प्रत्यक्षात येण्यास आणखी किती निवडणुका जाव्या लागतील ते सरकारच जाणे.

ही केवळ जोयड्याची व्यथा नव्हे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेतर्फे डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि सहकाऱ्यांनी ८६ गावांतील सुमारे ९४ हजार लोकवस्तीतल्या मृत्यूंची कारणे शोधली, त्यांचा निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. १,५९९ मृत्यूंपैकी २२९, म्हणजे शेकडा १४.३, मेंदूच्या झटक्याने झाले होते. मलेरिया, क्षय किंवा सर्पदंश यांसाठी प्रसिद्ध असलेल्या त्या रानात मृत्यूचे सर्वांत मोठे कारण झटका हे निघाले. आणि झटक्याने मेलेल्यांपैकी शेकडा ८७.३ लोक घरीच मेले. रुग्णालयातील यंत्रे, तज्ज्ञ आणि इंजेक्शने यांचा सारा थाट या माणसांच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हता. जेथे झटक्यानंतरचा उपचार वेळेवर पोचत नाही तेथे झटक्याच्या क्षणी रक्तात असलेले औषध हाच वेळेवर पोचलेला एकमेव उपचार ठरतो. शहरात ही गोळी अनेक साधनांपैकी एक असते; गुंदमध्ये किंवा गडचिरोलीच्या आडगावी कित्येकदा ती एकटीच असते.

एवढे वाचून कोणी उद्यापासून घरातील सर्व वृद्धांना ॲस्पिरिन सुरू करील तर मात्र अनर्थ होईल. ज्यांना पूर्वी झटका किंवा हृदयविकार झालेला नाही अशा लोकांत ही गोळी द्यावी काय, याचा शोध घेणाऱ्या तीन मोठ्या चाचण्यांचे निकाल २०१८ मध्ये एकापाठोपाठ एक आले. त्यांपैकी एक ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका येथील, मुख्यतः सत्तरीपुढील १९,११४ निरोगी वृद्धांवरची होती. तीत गोळीने आयुष्याचे धडधाकट दिवस वाढले नाहीत, रक्तस्राव मात्र वाढले. जठरातील व्रण, शौचास काळे होणे, मेंदूतील रक्तस्राव ही या गोळीची दुसरी बाजू आहे. शिवाय हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता असलेल्या रुग्णात हृदयातच गुठळी धरून ती मेंदूकडे जाते. असे झटके फार भारी असतात, आणि त्यांस ॲस्पिरिन पुरे पडत नाही, तेथे निराळी औषधे लागतात. आणि ज्याचा रक्तदाब बेफाम आहे त्याने तो ताब्यात न आणता केवळ ॲस्पिरिनवर भिस्त ठेवणे म्हणजे धमनी फुटण्याला निमंत्रण देणे. झटका टाळण्याच्या कामी रक्तदाबाच्या गोळीचा मान या गोळीच्या बराच वरचा आहे, ही गोष्ट विसरू नये.

पाचव्या रुग्णाचा परामर्श घेण्याचे वचन वर दिले होते. झटका आलेला पाहताच घरात ठेवलेली डिस्प्रिन पाण्यात विरघळवून पाजण्याची चाल काही ठिकाणी आहे. छातीत कळ आली तर ती चाल समर्थनीय असते. तिचेच अनुकरण येथे होते. परंतु तोंड वाकडे झालेल्या माणसाच्या मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव, हे बाहेरून पाहून मोठमोठ्या वैद्यांनाही ठरविता येत नाही, ते सीटी छायाचित्रच सांगते. आणि घशाचे स्नायू लुळे पडलेले असल्यास पाजलेले पाणी श्वासनलिकेत जाते. तेव्हा झटक्याआधी वैद्याच्या सल्ल्याने घेतलेली गोळी ही एक गोष्ट आणि झटक्यानंतर घाबरून दिलेली गोळी ही अगदी दुसरी गोष्ट. गुठळीचाच झटका आहे हे ठरल्यावर पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत ॲस्पिरिन देण्याचा फायदा १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या, मिळून चाळीस हजारांवर रुग्ण असलेल्या दोन चाचण्यांनी दाखविला आहे, पण तो हुकूम देण्याचा अधिकार रुग्णालयाचा.

गोळी आधीपासून चालू आहे म्हणून इंजेक्शन नाकारले जाईल, अशा भीतीने काही नातेवाईक ती गोष्ट डॉक्टरांपासून दडवितात. वर सांगितलेल्या ८५,०७२ रुग्णांच्या अभ्यासात इंजेक्शननंतर मेंदूत घातक रक्तस्राव होण्याचे प्रमाण गोळी घेणाऱ्यांत शेकडा ५.० आणि न घेणाऱ्यांत ३.७ होते. धोका थोडा वाढतो, परंतु लाभ त्याहून मोठा राहतो. म्हणून केवळ ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असल्याच्या कारणाने इंजेक्शन नाकारले जात नाही. वॉर्फरिनसारखे औषध चालू असेल तर मात्र निर्णय बदलू शकतो. तेव्हा दडविण्यात नुकसानच आहे.

राहिली गोळी बंद करण्याची गोष्ट, आणि ग्रामीण जीवनात हीच सर्वांत अधिक घडते. औषध संपले आणि बाजाराला जाणे झाले नाही. दाढ काढावयाची होती म्हणून कोणीतरी थांबविण्यास सांगितले आणि पुन्हा सुरू करण्यास सांगावयाचे राहिले. किंवा बरे वाटू लागले म्हणून आपणच सोडली. स्वित्झर्लंडमधील लोझान येथे झटका आलेल्या ३०९ रुग्णांची तितक्याच इतरांशी तुलना करून २००५ मध्ये जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्यानुसार मागील चार आठवड्यांत ॲस्पिरिन सोडलेल्यांत झटक्याचा धोका तिपटीहून अधिक होता. स्वीडनमध्ये सहा लाखांवर लोकांच्या औषधखरेदीची रुजुवात करून २०१७ मध्ये असे आढळले की, गोळी सोडणाऱ्यांत हृदयविकार, झटका किंवा तत्सम मृत्यू यांचे प्रमाण घेत राहणाऱ्यांपेक्षा शेकडा ३७ ने अधिक असते. गोळीचा अंमल आठ-दहा दिवसांत ओसरतो. दाढेच्या निमित्ताने सोडलेली गोळी महिनाभर विसरली गेली, तर तो महिना माणूस उघड्यावरच असतो. साधी दाढ काढण्यासाठी ती बहुधा सोडावी लागतही नाही. ज्या डॉक्टरांनी ती सुरू केली त्यांना विचारल्याखेरीज ती थांबवू नये, आणि थांबविलीच तर पुन्हा कोणत्या तारखेस सुरू करावयाची ते त्याच कागदावर लिहून घ्यावे.

ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांना एवढीच विनंती आहे. पावसाळा लागण्यापूर्वी निदान दोन महिन्यांची औषधे घरात आणून ठेवावीत. गोळ्यांची पाकिटे, जुने कागद आणि रक्तदाबाच्या नोंदी एका पिशवीत दाराजवळ टांगाव्यात, म्हणजे गोळी कोणती, किती मिलिग्रॅमची आणि शेवटची केव्हा घेतली, याची गावाबाहेरच्या डॉक्टरांना विचारपूस करीत बसावे लागणार नाही. आणि तोंड एका बाजूस ओढले जाणे, हात अचानक लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी एक जरी लक्षण दिसले, अगदी पाच मिनिटांत ते ओसरून माणूस पुन्हा चहा पिऊ लागला तरीही, तेलमालिशीत किंवा अंगाऱ्यात वेळ न दवडता घड्याळात वेळ पाहून ठेवावी आणि १०८ क्रमांकास फोन लावावा.